खाऱ्या वाऱ्यात बेस गिटारचा टोन कसा जमवावा

किनाऱ्यावर राहून बेस गिटार घ्यायची असेल, तर पेडलचे (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांचे) व्हिडिओ बघण्याआधी घराच्या खिडकीचे गज बघा. दोन पावसाळ्यांत त्यांचं जे झालं तेच तारांचं, जॅकचं आणि ब्रिजच्या (तारा बॉडीला जिथे अडकतात त्या पट्टीच्या) स्क्रूंचं होणार आहे. म्हणून पैसे आधी वाद्यावर, मग तारांवर, मग अँप किंवा डीआय बॉक्सवर (बेसचा आवाज थेट मिक्सरला देणाऱ्या डबीवर) घाला. पेडल उरलेल्या पैशांत. पैसे उरत नाहीतच, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटतो.

वाद्य निवडताना

चार तारा पुरेत. नेहमीचं स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, 34 इंची. हात लहान असेल तर 30 इंची घ्या. दुकानात दिसणारे बहुतेक बेस फेंडरच्या दोन घराण्यांतले: 1951 चा प्रिसिजन आणि 1960 चा जॅझ. प्रिसिजनचा पिकअप (तारांचं कंपन टिपणारं चुंबक) 1957 पासून दोन तुकड्यांत असतो आणि ते तुकडे एकमेकांची घरघर मारतात. जॅझच्या दोन पिकअपांनी आवाजाला रंग जास्त येतो, पण त्यांतला एक कमी केला की मांडवातल्या ट्यूबलाइटची गुणगुण आत शिरते. गणपतीत, लग्नात वाजवणाऱ्याने प्रिसिजन घ्यावा, तोही पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायचा. अॅक्टिव्ह बेसला 9 व्होल्टची बॅटरी लागते आणि लीड जॅकमध्ये विसरली की ती रात्रभर संपत राहते. जत्रेत रात्री साडेअकराला ती कुठे मिळणार?

जुना बेस घेत असाल तर सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून नेक (मान, म्हणजे लांब दांडा) बघा. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही.

तारा

सर्वसाधारण संच 45 ते 105 चा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). निकेलच्या तारा बोटाला मऊ, पण समुद्राकाठी लवकर मरतात. स्टेनलेस स्टीलच्या जास्त टिकतात, आवाज कडक देतात आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) थोडे लवकर झिजवतात. कोटिंगच्या तारा महाग असल्या तरी वर्षाचा हिशोब केला तर परवडतात. फ्लॅटवाउंडचा (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारांचा) आवाज गोल, ढोलकीखाली छान बसणारा. खाचा नसल्याने मळही कमी साठतो. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तारा क्वचितच बदलायचा, हे इथले आळशी वादक मला हमखास ऐकवतात. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड होत्या आणि त्यांवर मळ होता. तुमच्या तारांवर गंज आहे, तो वेगळा.

वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा खालूनही पुसा. याहून स्वस्त टोन नाही.

सेटिंग: क्रम मोडू नका

आधी सूर लावा, कारण तारांच्या ताणावरच नेकचा बाक ठरतो. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट हवी, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर, पुन्हा माप. किल्ली अडली तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

त्यानंतर तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2.5, बारीक तार 2 मिलिमीटर. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा ठोकळा) मागे घ्या, उतरता आला तर पुढे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, म्हणून मिरगानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ही मापं पुन्हा घ्यावीच लागतात.

अँप आणि मांडव

घरी 40-50 वॉटचा बेस अँप पुरतो. माळ्यावर ठेवलात तर फळ्याही वाजायला लागतील. खाली आणा, स्टुलावर ठेवा, कोपरा टाळा. साध्या गिटारच्या अँपवर बेस मोठ्याने वाजवला तर स्पीकर फाटू शकतो.

कार्यक्रमात डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जा. तिथे साउंडवाला प्रेमाने बेसचा नॉब पूर्ण फिरवतो, त्याला थांबवा. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सुमारे 41 हर्ट्झ. मांडवातले छोटे बॉक्स तो धड काढू शकत नाहीत, नुसते फडफडतात. कान मात्र वरच्या 82 आणि 123 हर्ट्झच्या स्वरांवरून खालचा सूर ओळखून घेतो. म्हणून 40 च्या खालचं कापा, 200-250 च्या आसपासची घुमघुम थोडी उतरवा आणि 700-800 पाशी किंचित वाढवा. स्लॅबच्या हॉलमध्ये घुमघुम जास्त उतरवावी लागते, उघड्या खळ्यात जवळजवळ नाहीच.

आता विजेचं. वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत तारांवर हात ठेवून मी माईकला ओठ लावला आणि दात झिणझिणले. अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि एकाचं अर्थिंग नावापुरतं. आपल्या जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, मग अर्थिंग कमजोर पडतं. तेव्हापासून मी अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला लावतो आणि वाजवण्याआधी इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगतो. घरघर आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (मिक्सरच्या लीडमधला अर्थचा जोड तोडणारं बटण) दाबा. थ्री-पिनची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो घेऊ नका.

पावसाळ्यात

बंद बॅगेत आषाढभर ठेवलेल्या बेसला बुरशी येते. आठवड्यातून दोनदा काढून वाजवा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. ते गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नकोत, त्या रंगात कोबाल्ट असतं. व्हॉल्यूमचा नॉब खरखरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा मागे-पुढे फिरवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.