आत दडलेले कूलंट होज बदलताना: या चुका टाळा

इंजिन थंड ठेवणारं द्रव म्हणजे कूलंट, आणि ते वाहून नेणारी रबरी नळी म्हणजे होज. रेडिएटरचा वरचा होज कुणालाही बदलता येतो. बॉनेट उघडलं की तो समोरच असतो. खरी परीक्षा असते ती इंजिनच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) खाली किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) कोपऱ्यात लपलेल्या होजची. तिथे होज आवळून धरणारा क्लॅम्प अर्धाच दिसतो, हात जेमतेम जातो आणि पाना फिरवायला जागा नसते. ओळखीतल्यांची अडकलेली कामं सोडवताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यातल्या बहुतेक घाईतून झालेल्या असतात.

चिकटलेला होज पिळून काढणं

ही चूक सगळ्यात महागाची. हीटरचे दोन होज फायरवॉलपाशी ज्या नळ्यांवर बसतात, त्या आतल्या हीटर कोअरच्या, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या असतात. कुठे पातळ ॲल्युमिनियम, कुठे पितळ, कुठे प्लास्टिक. वर्षानुवर्षं तापून रबर त्यांना असं धरून बसतं की क्लॅम्प काढला तरी होज हलत नाही.

माझ्या एका मित्राच्या गाडीवर हेच काम चाललं होतं. क्लॅम्प निघाला, होज निघेना. त्याने मोठ्या पकडीने होज धरला आणि पिळला. टॉर्च धरून मी शेजारी उभा होतो आणि ‘अजून थोडा जोर लाव’ हे मीच म्हणालो होतो. होज फिरला, पण त्याच्यासोबत आतली नळीही किंचित फिरली. नळी जरा वाकडी दिसत होती, तरी आम्ही नवा होज चढवला, कूलंट भरलं. बाहेर एक थेंब गळत नव्हता. दोन दिवसांनी त्याचा फोन आला: पायाखालचं कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट धुकं. नळीचा सांधा हीटर कोअरपाशी तडकला होता. एका होजच्या कामासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. ते काम आम्ही दोघांनी तीन सुट्ट्या घालवून केलं, आणि तेव्हापासून मी हीटरच्या नळीवरचा होज कधीच पिळत नाही.

जुना होज टाकूनच द्यायचा आहे, मग त्याला वाचवायचं कशाला? मी आधी तो नळीच्या टोकापासून दोन बोटं पुढे आडवा कापतो, म्हणजे लोंबत्या होजचा ताण नळीवर येत नाही. मग उरलेल्या तुकड्यावर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देतो. चीर रबराच्या पार जाऊ द्यायची नाही. मऊ धातूवर ब्लेडचा एक ओरखडाही पुढे गळतीची वाट होतो. शेवटचा पातळ थर बोटांनी फाडायचा आणि केळं सोलावं तसा तुकडा सोलून काढायचा. याला दहा मिनिटं लागतात.

‘हात जातोय ना, मग कशाला खोलायचं?’

नवशिक्यांचं हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. एअर फिल्टरचा डबा, इनटेकची नळी, वेळ पडली तर बॅटरी आणि तिचा ट्रे काढायला अर्धा तास लागेल. न काढता चाचपडत बसलात तर तीन तास जातात. माझा नियम असा: होजचं तोंड डोळ्यांनी किंवा छोट्या आरशात दिसत नसेल आणि तिथे दोन बोटं पोचत नसतील, तर मी क्लॅम्पला हातच लावत नाही. जुना होज चाचपडत निघतोही, पण नवा बसवताना तो नळीच्या उभारलेल्या कडेपलीकडे गेला की अलीकडेच अडला, हे न बघता कळत नाही. क्लॅम्प त्या कडेच्या मागेच बसायला हवा. कडेवर बसलेला क्लॅम्प गरम इंजिनच्या दाबाने एक दिवस होजसकट निसटतो.

स्प्रिंग क्लॅम्प फेकून स्क्रूचा लावणं

दोन कानांचा स्प्रिंग क्लॅम्प काढायला त्रास होतो, म्हणून बरेच जण त्याजागी स्क्रूचा लावतात. रबर आणि नळी तापली की फुगतात, थंड झाली की आकसतात, आणि रबर हळूहळू कायमचं दबत जातं. स्प्रिंग या हालचालीमागे जात राहते. स्क्रूचा साधा पट्टा जिथे आवळला तिथेच थांबतो. मग थंड सकाळी गाडीखाली दोन थेंब दिसतात आणि इंजिन तापलं की गळती गायब. माणूस पुन्हा आवळतो, आठवड्याने पुन्हा. असं आवळून तडकलेलं रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड मी माझ्या हाताने बदललं आहे. मूळ स्प्रिंग क्लॅम्प गंजलेला किंवा ढिला नसेल तर तोच वापरा. नाहीतर त्याच मापाचा नवा घ्या. माप बहुतेकदा कानावरच कोरलेलं असतं. अडचणीच्या जागी लांब केबलची क्लॅम्प पक्कड फार उपयोगी पडते. साध्या पकडीतून कान निसटला तर क्लॅम्प थेट तोंडावर उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

क्लॅम्पचे कान किंवा स्क्रूचं डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं, हे होज चढवण्याआधी ठरवा. पक्कड जिथून शिरेल तिकडे. स्क्रूचा असेल तर ७ किंवा ८ मिमीचं सॉकेट बसेल असा. भिंतीकडे तोंड करून बसवलेले क्लॅम्प मी इतके सोडवले आहेत की दर वेळी आधीच्या माणसाचा राग येतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं टोपण उघडू नका. साधारण १ बार जादा दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की ते एकदम उकळून अंगावर येतं. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही सुरू होतो, तेव्हा बॅटरीची तार सोडा.

होज सरकत नाही म्हणून ग्रीस किंवा तेल लावू नका. होजचं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं. थोडं कूलंट लावलं तरी होज सरकतो.

सीलंट नको. नळी साफ असेल तर त्याची गरज नसते, आणि साफ नसेल तर त्याचा उपयोग नसतो. जुनं रबर आणि पांढरी खपली नायलॉनच्या घासणीने काढा, कानशीने नाही.

उघड्या तोंडात चिंधी कोंबून ठेवा आणि नंतर ती काढायला विसरू नका.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, उघडं ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्याने मरतात.

भरताना

कूलंट हळू ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापू द्या. काटा वर जातोय पण हीटरमधून थंड हवाच येतेय, म्हणजे आत हवा अडकली आहे. तशीच गाडी बाहेर काढू नका. थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, टाकीतली पातळी बघा आणि प्रत्येक नव्या सांध्याखालून कोरडा पांढरा कागद फिरवा. त्यावर रंगीत ठिपका उमटला तर आवळायच्या आधी क्लॅम्प कडेच्या मागे बसलाय का ते बघा.