फायटर माशाची शेपटी फाटली? औषधाआधी पाणी बघा

एका टाकीत ठेवलेले दोन नर भांडले? खोडी कोणी काढली हे नंतर बघू, फाटलेला मासा आधी वेगळ्या टबात हलवा. पुण्याच्या नळाला क्लोरीन असतं, तेव्हा अँटीक्लोरीनचे थेंब टाकूनच रोज पाव हिस्सा पाणी बदला. थंडीत हीटर हवाच, २६-२७ अंशांवर. मीठ घालायचंच तर बिनआयोडीनचं, पाच लिटरला एक छोटा चमचा, मगमध्ये विरघळवून. आठवड्याच्या वर नको.

मग टॉर्च मारून कडा न्याहाळा. काचेसारखी पारदर्शक किनार दिसली की शेपटी भरतेय. कडा काळी-लाल पडून झिजायला लागली किंवा कापसासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर सड किंवा बुरशी लागलीय, औषध तेव्हा. दुकानदार निळ्या औषधाची बाटली पहिल्याच दिवशी गळ्यात मारतात, घेऊ नका. आणि बरा झाल्यावर परत दोन नर एकत्र? मुळीच नाही.