प्रारब्ध हा शब्द जरा बाजूला ठेवा

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मी सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या 'ईडिपस'वर चाळीस पानी प्रबंध लिहिला. सरांनी तो परत दिला तेव्हा 'प्रारब्ध' या शब्दाभोवती जिथे तिथे पेन्सिलीचा गोल होता आणि शेवटच्या पानावर एकच आकडा: ६१. बाकी शेरा नाही, सही नाही. ते गुण नसून गोलांची बेरीज आहे, हे कळायला एक रात्र गेली. गोल का केले, ते कळायला सहा महिने. ग्रीक शोकांतिकेकडे नव्याने वळणाऱ्यांचे तेवढे सहा महिने वाचले तरी पुष्कळ झालं.

ईडिपसची गोष्ट तुम्हाला माहीत आहे: थीब्जचा हा राजा नकळत बापाला मारतो, आईशी लग्न करतो आणि कळल्यावर स्वतःचे डोळे फोडतो. घोळ तिथेच होतो. गोष्ट माहीत असते म्हणून नाटक वाचायचं राहून जातं. मी गाइड वाचलं होतं. त्यात होतं की ईडिपसचा बाप लायस याने तरुणपणी एका मुलाला पळवलं आणि त्या पापाचा शाप पुढे त्याच्या पोराला भोवला. पाप, शाप, फळ! कीर्तनं ऐकत वाढलेल्या माझ्या डोक्यात साचा तयारच होता, सगळं त्यात चपखल बसलं.

सोफोक्लीसच्या नाटकात ही पळवापळवी नाहीच. त्याच्याआधी, इ.स.पू. ४६७ मध्ये, इस्किलस या दुसऱ्या नाटककाराने थीब्जच्या वेढ्यावरचं नाटक केलं. त्यात कोरस, म्हणजे रंगमंचावरचा गाणाऱ्यांचा ताफा, सांगतो की अपोलो देवाने लायसला तीनदा बजावलं होतं: मूल होऊ न देता मर, तरच नगर वाचेल. लायसने ऐकलं नाही. म्हणजे तिथे बापाची चूक आहे. सोफोक्लीसने ती अटच काढून टाकली. त्याच्या नाटकात भाकीत एवढंच, की मुलाच्या हातून मरशील. 'अमुक केलंस तर' वगैरे काही नाही. प्रारब्धाला संचित लागतं, संचिताला मागचा जन्म लागतो. इथे दोन्ही नाहीत. ते मी घरून नेऊन ओतलं होतं.

पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. ग्रीकांचा शब्द आहे मोइरा. त्याचा मूळ अर्थ वाटा. आपण 'हे माझ्या वाट्याला आलं' म्हणतो ना, अगदी तेच. आपलं भाग्यसुद्धा भागावरूनच आलेलं. पण वाटा हा शब्द काय मिळालं तेवढं सांगतो, का मिळालं ते सांगत नाही. प्रारब्ध म्हटलं की 'का'चं उत्तर आपण न विचारताच देऊन टाकतो. नाटकभर तो माणूस जे शोधत फिरतो, ते तुम्ही पहिल्याच पानावर मिटवून टाकता. माझे ६१ गोल ते हेच.

बरं, सगळं दैवानेच केलं असंही ईडिपस म्हणत नाही. डोळे फोडून बाहेर आल्यावर कोरसला सांगतो: हे भोग अपोलोने आणले, पण वार करणारा हात माझाच. एका दमात दोन्ही. 'दैव की पुरुषार्थ' हा परीक्षेतला लाडका प्रश्न तिथेच निकालात निघतो. (उत्तरपत्रिकेत मात्र दोन्ही बाजू मांडा. गुण त्यालाच मिळतात.)

इस्किलसच्या 'ॲगमेम्नॉन'मध्ये (इ.स.पू. ४५८) हेच आणखी उघडं दिसतं. ट्रॉयच्या लढाईला निघालेल्या राजा ॲगमेम्नॉनची गलबतं मुलीचा बळी दिल्याशिवाय हलणार नाहीत. कोरस म्हणतो, त्याने अपरिहार्यतेच्या जुवाचा पट्टा गळ्यात चढवला. क्रियापद बघा. बैलाच्या गळ्यात पट्टा दुसरं कुणीतरी बांधतं. इथे राजा स्वतःच मान घालतो.

नोट्स सांगून उतरवून घेणारे सर मिळाले तर दूरच राहा. माझं एक वर्ष त्यांच्यापायी गेलं, अक्षर तेवढं सुधारलं. त्यांनीच शोकांतिकेच्या नायकाची हामार्तिया म्हणजे 'स्वभावदोष' असं लिहून दिलं होतं. मूळ अर्थ नेम चुकणं. आणि शोकांतिकेबद्दल लिहिताना हा शब्द वापरणारा तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सोफोक्लीस गेल्यावर वीसेक वर्षांनी जन्मलेला, हेही ध्यानात असू द्या. ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका. मला आजही दहा-बारा शब्दांपलीकडे येत नाही. पुलंचं 'राजा ओयदिपौस' घ्या आणि एका बैठकीत, मोठ्याने वाचा. मूळ नाटक १५३० ओळींचं, एका दुपारीत होतं. त्यानंतर युरिपिडीसचं 'हिप्पॉलिटस' घ्या. राजा थीसियस मेलेल्या बायकोची, मुलावर आळ घेणारी चिठ्ठी वाचतो आणि समुद्रदेव पोसायडनने दिलेला वर पोटच्या पोरावर खर्च करतो. कट प्रेमदेवता अफ्रोडायटीचा, तो पहिल्याच प्रवेशात तिने सांगून टाकलेला. तरी शेवटी देवी आर्टेमिस बापालाच धारेवर धरते: पुरावा पाहिला नाहीस, ज्योतिष्यांना विचारलं नाहीस, थांबला नाहीस.

बापांकडे माझं लक्ष गेलं ते स्वतः बाप झाल्यावर. ईडिपसच्या शेवटी, आंधळा झाल्यावर, तो मेहुणा क्रेऑनला म्हणतो की मुलग्यांची काळजी नको, ते पुरुष आहेत, कुठेही निभावतील. पण या दोन पोरी! त्यांचं पान माझ्यापासून कधी वेगळं मांडलं नाही, मी ज्याला हात लावेन त्यात त्यांचा वाटा असायचा. इथे मूळ शब्द मोइरा नाही, पण मराठीत वाचताना मी त्या वाट्यापाशी थबकलो. मग पोरी येतात, तो त्यांना चाचपतो. क्रेऑन म्हणतो, आता आत चल, पोरींना सोड. हा म्हणतो, यांना तरी माझ्यापासून तोडू नकोस.

माझ्या चाळीस पानांत या प्रसंगावर एक ओळही नव्हती.