फ्रेंच फर्निचरच्या दालनात आधी पाय बघा

लंडनचं वॉलेस कलेक्शन संग्रहालय असो की पॅरिसचं लूव्र, अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंच्या दालनांत थोडं फिरलं की सगळं सारखंच सोनेरी दिसू लागतं. तेव्हा असं करा:

१. फलक वाचण्याआधी खुर्ची-टेबलाचे पाय बघा. नागमोडी वळणाचे असतील तर बहुधा पंधराव्या लुई राजाच्या काळातली शैली. सरळ, खाली निमुळते आणि उभ्या खाचांचे असतील तर सोळाव्या लुईची.

२. गुडघे वाकवून नजर टेबलाच्या उंचीला आणा आणि सावकाश बाजूला सरका. या वस्तू मेणबत्त्यांच्या उजेडात, बसल्या जागेवरून बघितल्या जायच्या. तुम्ही सरकलात की मुलामा दिलेल्या ब्राँझवर उजेडही सरकतो, चकचकीत घासलेले आणि मुद्दाम मंद ठेवलेले भाग वेगळे दिसतात. मला तर ही कारागिरी पहिल्यांदा खाली वाकल्यावरच कळली.

३. लाकडी जडावकामातली फुलं आज तपकिरी दिसतात. पूर्वी त्यांत रंगवलेलं लाकूडही वापरत, त्याचे रंग उजेडाने उडाले आहेत. पानं हिरवी, पाकळ्या लाल अशी कल्पना करून पुन्हा बघा.

एका दालनात दोनच वस्तू अशा निवांत बघा, बाकीच्या सोडून दिल्या तरी चालेल.

जपायचं एकच: पायांवरून नेमकं साल ठरवू नका. सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला, पण सरळ रेषांची आवड १७६०च्या दशकातच रुजली होती. शिवाय एकोणिसाव्या शतकात या शैलींच्या भरपूर नकला झाल्या. सालासाठी फलकच वाचा.