युद्धकालीन महिला गणवेश: या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या महिला सैनिकाची भूमिका करायला गणवेश हवा असतो. ‘चाळीसच्या दशकातला लेडीज मिलिटरी कोट हवा’ एवढंच सांगून ऑर्डर दिली, की घोळ तिथूनच सुरू होतो. आधी दल आणि वर्ष ठरवा, खरेदी नंतर.

स्टालिनग्राडची लढाई ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ अशी चालली. सोव्हिएत सैन्यात खांदापट्ट्यांचा हुकूम निघाला जानेवारी १९४३ मध्ये. म्हणजे स्टालिनग्राडमधल्या १९४२ च्या सोव्हिएत परिचारिकेच्या हुद्द्याच्या खुणा कॉलरवर हव्यात, खांद्यावर नव्हे. अमेरिकेचं महिला दल १९४२ मध्ये सहायक म्हणून सुरू झालं आणि १९४३ च्या कायद्याने थेट सैन्याचा भाग बनलं. त्याबरोबर बटणांवरचा गरुडही बदलला. कॉलरवरची पॅलस अथीना (ग्रीक देवी) मात्र राहिली, त्यामुळे फक्त कॉलर बघून वर्ष ओळखता येत नाही.

ब्रिटिश एटीएससाठी (ब्रिटिश सैन्याची महिला शाखा) बिल्ल्यावरचा मुकुट निरखा. युद्धकाळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोल असतात. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. आता राजा चार्ल्सने पुन्हा घुमटाचा मुकुट घेतलाय, तेव्हा कोरा करकरीत बिल्लाही फसवू शकतो! कधीच काळी न पडणारी अॅनोडाइज्ड (खास प्रक्रिया केलेल्या अॅल्युमिनियमची) बटणंही युद्धानंतरची. पितळी घ्या, पॉलिश करत बसा.

बटणपट्टीची बाजू तपासताना छायाचित्र उलटं छापलेलं नाही ना, हे त्यातल्या अक्षरांवरून आधी पाहा. पुरुषांचा कोट आखडून घेतला की पट्टी चुकीच्या बाजूला येते आणि छातीचे डार्टही (आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) बसत नाहीत. सोव्हिएत भूमिकेत मात्र पुरुषी अंगरखा चालतो, कारण अनेकजणींना पुरुषांचेच कपडे मिळाले होते.

कापड लोकरीचं असल्याचा दावा असेल, तर शिवणीच्या आतला एक धागा चिमट्यात धरून जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सर्वांत जास्त तक्रारी फिटिंगच्या. कोट पोटावर उचलला जातो, चालताना स्कर्ट गरगर फिरतो. बहुतेक वेळा दोष शिंप्याचा नसतो. स्कर्ट आपण सवयीने नितंबावर अडकवतो. तो खऱ्या कमरेवर, बरगड्यांच्या जरा खाली बसायला हवा. माप देताना शर्ट आणि त्या काळच्या बेताची अंतर्वस्त्रं घालूनच द्या. कोट पाठीत ओढत असेल, तर बाजूची शिवण उसवता येते; मात्र आत दाब (शिवणीतलं जादा कापड) ठेवलाय का, हे घेण्याआधीच पाहा. तयार मालात तो अनेकदा चिंचोळा असतो. बसण्याच्या जागी स्कर्ट चकाकू लागला, तर थेट इस्त्री थांबवा. ओलसर सुती फडकं टाकून वाफ द्या.

टोपी सगळ्यात शेवटी घ्या. केस कॉलरला टेकू द्यायचे नाहीत, म्हणून ते गुंडाळून वर बांधावे लागतात. डोक्याचं माप त्यानंतरच घ्या.