पलंगाखालची चिमी

कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या फोस्टरताईंकडून चिमी ही कुत्री आणली, तेव्हा ती जेमतेम ६ किलोची होती. आल्या आल्या पलंगाखाली शिरली, ती २ दिवस बाहेर येईना. मी हात घालून ओढायला गेले, तर तिने तिथेच सू केली. माझं चुकलंच.

मग ताईंकडून तिची न धुतलेली जुनी चादर मागून आणली. ओळखीचा वास हवा. रोज संध्याकाळी तिच्याकडे पाठ करून फरशीवर बसायचे, उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे मागे सरकवायचे. बोलायचं नाही, बघायचं नाही. पाचव्या दिवशी तळहाताला ओलं नाक लागलं. मी हललेच नाही, डोळे मात्र भरून आले.

फिरायला नेताना नुसता गळपट्टा नको, छातीभोवती बांधायचा हार्नेसच घाला; घाबरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान सोडवतं. कुकरच्या शिट्टीला चिमी अजून दचकते, पण आता पळत माझ्या पायाशी येते.