भांडी घासायच्या हातमोज्याचं वाद्य

१९९१ च्या सुमारास आभासी वास्तवाच्या नावाखाली जड, लढाऊ थाटाची हेल्मेटं आणि हातमोजे मिरवत होते. त्यांची फिरकी घेत ध्वनिकलाकार लेटिशिया सोनामींनी, ऑस्ट्रियातल्या लिंझच्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवासाठी, कलाकार पॉल डीमॅरिनिस यांच्यासोबत ‘लेडीज ग्लव्ह’ हे हाताच्या हालचालींनी वाजणारं वाद्य केलं, तेही स्वयंपाकघरातल्या रबरी मोज्यांचं. एका हाताच्या बोटांच्या टोकांवर पाच हॉल सेन्सर (चुंबकाची जवळीक ओळखणारे), दुसऱ्या हातावर चुंबक. पुढच्या आवृत्त्यांत लायक्राचा लांब, देखणा मोजा आला. घरी करायला पहिलीच बरी: स्वस्त आहे आणि तिच्यातली खोच शाबूत आहे.

सामान: रबरी मोज्यांची जोडी, पाच ४९ई हॉल सेन्सर, १० मिमी व्यासाचं आणि ३ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक, पाच व्होल्टवाला प्रो मायक्रो बोर्ड (सेन्सरचे आकडे वाचून यूएसबीने संगणकाला पाठवणारा छोटा सर्किट बोर्ड), सिलिकॉन वेष्टनाची बारीक बहुतारी वायर. एकतारी वायर घेऊ नका, बोटं वाकवून वाकवून ती तुटते. दुकानात ‘हॉल सेन्सर’ एवढंच सांगितलंत तर ३१४४ हातात पडू शकतो. दिसायला तसाच, तीन पायांचा, पण तो फक्त चालू-बंद सांगतो, जवळ-लांब नाही.

सेन्सरची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडचा पाय पाच व्होल्टला, मधला ग्राउंडला, उजवा सिग्नलला. चार सिग्नल बोर्डच्या ए० ते ए३ पिनांवर जातात. पाचवा ६ क्रमांकाच्या पिनवर जोडा. तीही अ‍ॅनालॉग वाचते. सोल्डर झाल्यावर प्रत्येक पायावर वेगळी हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा, नाहीतर मूठ वळताच शॉर्ट होईल.

रबरावर झटपट डिंक कडक होतो आणि मोजा वाकला की तडकतो. पृष्ठभाग सँडपेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, मग पंक्चरचं सोल्युशन लावा. सेन्सर बाहेरच्या बाजूने, छापील तोंड वर. वायरला प्रत्येक सांध्याशी थोडी ढील ठेवा आणि मनगटाशी घट्ट बांधा. बोर्डचा यूएसबी सॉकेट ओढ बसली की पट्ट्यांसकट उखडतो, तेव्हा केबलही मनगटालाच बांधा. आत घाम साचतो. पातळ सुती मोजा खाली घाला.

चुंबक नसताना बोर्डने वाचलेला, ० ते १०२३ मधला आकडा ५१२ च्या आसपास दिसायला हवा. एक ध्रुव तो वर नेतो, दुसरा खाली, म्हणून चुंबक चिकटवण्याआधी खूण करा. खरी गोची अंतराची आहे. अंतर दुप्पट झालं की चुंबकाचा जोर साधारण आठपट घटतो. म्हणजे सगळं संगीत शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये कोंबलं जातं आणि तीन सेंटीमीटरपलीकडे नुसती खरखर. दोन उपाय: तीन-चार चुंबकं एकावर एक ठेवा, आणि शून्यापासूनच्या, म्हणजे चुंबक नसतानाच्या आकड्यापासूनच्या, फरकाचं घनमूळ काढून मगच तो मिडीच्या (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या संकेताच्या) ० ते १२७ मध्ये बसवा. शून्य दर वेळी सुरुवातीला, चुंबक लांब ठेवून, तीन सेकंदांच्या सरासरीने ठरवा.

आकडे थरथरतात. जुन्या आकड्याचे नऊ भाग आणि नव्याचा एक असं मिश्रण करा; याहून जास्त गुळगुळीत केलंत तर आवाज हातामागे रेंगाळतो. बदल दोनपेक्षा कमी असेल तर मिडी संदेश पाठवूच नका. प्युअर डेटा या मोफत मिळणाऱ्या, आवाज घडवायच्या संगणक प्रोग्राममध्ये ते आकडे घ्या आणि आवाजाच्या पातळीला २० मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर १२८ पायऱ्यांची चेन ओढल्यासारखी झिर्रझिर्र ऐकू येते.

एका बोटाला एक सूर दिलात तर ती दारावरची बेल होईल. अंगठ्याला आवाजाची पातळी, तर्जनीला ध्वनिमुद्रणातली जागा, मधल्या बोटाला वेग द्या. मग पाण्याच्या नळाचं किंवा भांड्यांचं मुद्रण हाताने ताणता येतं. उरलेली दोन बोटं काही दिवस रिकामीच ठेवा. पिवळा मोजा रंगवून झाकू नका, तो प्रेक्षकांना दिसायलाच हवा. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे चुंबक हाताळू नये.